अवघड जागेचे सर्जन

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्या कोणी केली, त्याला हे दुखणं ऐकीव नसणार. शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे पहिला उपचार म्हणजे गप्प बसणं. मग सुरण खाऊन बघायचा, ताक वाढवायचं, रात्री इसबगोल घ्यायचा, शेजाऱ्याने सांगितलेलं मलम लावायचं. तरीही थांबलं नाही तर एस.टी. स्टँडसमोरच्या ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ या पाटीखाली मान खाली घालून शिरायचं. आत बसलेला माणूस शल्यतंत्रात एम.एस. झालेला वैद्य असेल, जनरल सर्जन असेल, किंवा कसलीच पदवी नसताना कोंबाला कसलंसं इंजेक्शन टोचणाराही असेल. शहरात पाटी चकचकीत होते, तिच्यावर ‘लेझर’ आणि ‘एका दिवसात घरी’ असे शब्द येतात, पण आत कोण आहे हे ओळखण्याचं साधन तिथल्या रोग्याकडेही नसतं.

मोठं आतडं, गुदाशय आणि गुदद्वार मिळून जेमतेम दीड-पावणेदोन मीटरचा हा मार्ग. त्याच्यासाठी वेगळा सर्जन खरंच लागतो का, तो घडतो कसा, आणि तो तसा घडल्याने रोग्याच्या पदरात नेमकं काय पडतं, हे गेल्या चाळीसेक वर्षांत बऱ्यापैकी मोजलं गेलं आहे. त्या मोजमापातून निघणारं उत्तर यंत्रं विकणाऱ्यांना फारसं आवडण्यासारखं नाही.

या जागेवरची शस्त्रक्रिया मात्र जुनीच आहे. सुश्रुताने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, भगंदराचे पाच प्रकार वर्णिले, आणि नाडीव्रणासाठी क्षार लावलेल्या दोऱ्याचा उपायही नोंदवला. युरोपात या विषयाला प्रतिष्ठा मिळाली ती एका राजामुळे. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यकाने फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भगंदरावर शस्त्रक्रिया केली. राजाला सुरी लावण्याआधी त्याने गरीब रोग्यांवर सराव करून हात बसवला होता, खास बाकदार पात्याची सुरी घडवून घेतली होती. राजा बरा झाला, फेलिक्सला धन आणि मान मिळाला. सरावाला वापरलेल्या माणसांचं काय झालं, याची चौकशी दरबारात कोणी केली नसावी.

लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन या सर्जनने १८३५ साली सात खाटांचं एक छोटं रुग्णालय काढलं, तेही भगंदर आणि गुदाशयाचे रोग झालेल्या गरिबांसाठी. पुढे तेच सेंट मार्क्स रुग्णालय झालं. सॅमनकडे पैसेवालेही येत. चार्ल्स डिकन्सने १८४१ मध्ये त्याच्याकडून भगंदराची शस्त्रक्रिया करून घेतली, भुलीचा शोध लागण्याआधी. सेंट मार्क्सची कामगिरी पाहून आलेला अमेरिकन सर्जन जोसेफ मॅथ्यूज १८९९ साली अमेरिकन प्रॉक्टॉलॉजिक सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १९४९ मध्ये तिथे या शाखेला स्वतःचं स्वतंत्र परीक्षा मंडळ मिळालं. सर्जन गरिबांच्या अंगावर शिकतो आणि शिकलेला हात पुढे श्रीमंतांना लाभतो, ही रीत मात्र कुठेच बदललेली नाही. केईएम, सायन, ससूनमध्ये रात्री दोन वाजता गुदद्वाराजवळचं गळू फोडणारा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर त्याच रांगेतला.

त्या गळवापासूनच सुरुवात करू, कारण या शाखेचं सगळं मर्म तिथे सापडतं. गुदद्वाराला दोन गोलाकार स्नायू आवळून धरतात. आतला आपोआप काम करतो, बाहेरचा आपल्या हुकमात असतो. दोघांच्या मधे बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबली की पू होतो, गळू होतं, ते फुटतं किंवा फोडलं जातं, आणि बऱ्याच रोग्यांमध्ये मागे एक नळी उरते. एक तोंड आत, एक बाहेर कातडीवर. हाच भगंदर. नळी उघडून टाकली की ती भरून येते, इतकं सोपं. फक्त ती नळी स्नायूच्या किती भागातून गेली आहे, एवढाच प्रश्न. थोड्या भागातून गेली असेल तर उघडणं हाच उत्तम इलाज. बऱ्याच भागातून गेली असेल आणि तरी उघडली, तर भगंदर बरा होतो आणि माणसाला शौचावर ताबा राहत नाही. सेंट मार्क्सच्या अ‍ॅलन पार्क्सने सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये स्नायूशी असलेल्या नात्यावरून भगंदराचे चार प्रकार पाडले. आज जगभर तीच वाटणी चालते.

म्हणजे कापणं शिकवायला फार वेळ लागत नाही. कुठे थांबायचं हे शिकायला वर्षं लागतात. बोटाने तपासून वाट ओळखायची, शंका आली तर एम.आर.आय. काढायचा, नळी उंचावरून जात असेल तर त्या दिवशी फक्त पू काढून सैल दोरा घालून ठेवायचा आणि रोग्याला सांगायचं की हे काम दोन-तीन टप्प्यांत होईल. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या भगंदरांचा एक अभ्यास सेंट मार्क्समधून २००२ साली आला. एम.आर.आय.मध्ये दिसलेल्या वाटा धरून सर्जन वागले तेव्हा दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हाडात मुरलेली असावी लागते : काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा, कारण भरून न येणाऱ्या भगंदरामागे क्षयरोग किंवा क्रोन्सचा आजार लपलेला असू शकतो. हे सगळं करणाऱ्या सर्जनची जाहिरात करता येत नाही. ‘तीन टप्प्यांत, सहा महिन्यांत, ताबा शाबूत’ अशी पाटी कोण लावणार?

इथेच क्षारसूत्राचं बोललं पाहिजे. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी या जुन्या दोऱ्याला नव्याने उभं केलं. स्नुहीचा चीक, अपामार्गाचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला हा दोरा नळीतून ओवून ठराविक दिवसांनी बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आला : भरायला क्षारसूत्राला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेत ११. नाकं मुरडणाऱ्या अ‍ॅलोपॅथांनी आणि प्रत्येक भगंदराला दोरा ओवणाऱ्या वैद्यांनी, दोघांनीही हा अभ्यास नीट वाचलेला बरा.

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य आणि शालाक्य तंत्राच्या आयुर्वेद पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर बंद पाळला, आणि सगळी चर्चा ‘पॅथी’वर गेली. माझ्या मते प्रश्न चुकीच्या ठिकाणी मांडला गेला. दोरा ओवणारा हात कोणत्या पदवीचा आहे यापेक्षा त्या हाताने आधी बोट घालून गुदाशय तपासला का, आणि उंच भगंदर ओळखून पुढे पाठवला का, हे विचारायला हवं होतं. एम.बी.बी.एस. असूनही ती तपासणी न करता ‘मूळव्याध आहे’ म्हणून मलम लिहून देणारे काही थोडे नाहीत.

त्या एका बोटाच्या तपासणीवाचून काय होतं ते कर्करोगाच्या ओपीडीत दिसतं. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, पण येणारे रोगी तरुण असतात. टाटा मेमोरियलमधल्या ८०० रोग्यांच्या आढाव्यात सरासरी वय ४७च्या आसपास निघालं. चाळिशीतल्या माणसाचं रक्त म्हणजे मूळव्याधच, असं रोगी धरून चालतो आणि डॉक्टरही. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी बोटाला लागतात. बोट घातलंच नाही तर सहा-आठ महिने मलमात जातात.

गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ही या शाखेची खरी कसोटी. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने पोटातून आणि खालून असा दोन्हीकडून गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. जीव वाचू लागले, बदल्यात शौचासाठी पोटावर कायमची पिशवी आली. त्यानंतर कितीतरी दशकं मोठमोठ्या रुग्णालयांतही काढलेल्या जागेवर कर्करोग पुन्हा उगवत राहिला, आणि तो रोगाचाच स्वभाव मानला गेला. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या लहानशा गावातल्या बिल हील्ड या सर्जनने १९८२ मध्ये वेगळं सांगितलं. गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं, मेसोरेक्टम. रोगाच्या कणिका त्यात पसरतात. हाताने ओढून-फाडून गुदाशय सोडवला की हे वेष्टण फाटतं, काही भाग आतच राहतो आणि तिथून रोग परत येतो. वेष्टणाच्या बाहेरून, नजरेसमोर, कात्रीने सावकाश गेलं तर ते अखंड बाहेर येतं, आणि लघवीच्या व लैंगिक क्रियेच्या नसाही वाचतात. हील्डचे स्वतःचे आकडे तीन-चार टक्के पुनरुद्भवाचे होते, जिथे इतरत्र वीस-तीस टक्के सर्रास दिसत. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. चार वर्षांनी लीड्सच्या फिलिप क्वर्कने काढलेल्या नमुन्यांचे आडवे काप करून दाखवलं की रोग कडेला पोचलेला असेल तर तो परत येतो. तेव्हापासून पॅथॉलॉजिस्टचा अहवाल हे सर्जनचं प्रगतिपुस्तक झालं. वेष्टण अखंड, थोडं खरचटलेलं की फाटलेलं, हे आज त्यात लिहून येतं, किंवा यायला हवं.

पण एका माणसाचा हात चांगला असणं ही काही मोठी गोष्ट नाही. तो हात दुसऱ्याला देता येतो का, हे स्वीडनमध्ये तपासलं गेलं. १९९०च्या दशकात स्टॉकहोम प्रांतात हील्डला बोलावून कार्यशाळा झाल्या, स्थानिक सर्जनांनी आणि पॅथॉलॉजिस्टांनी ही पद्धत शिकून घेतली. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. पूर्वीच्या दोन अभ्यासांत तिथे पुनरुद्भव १४-१५ टक्के होता, तो ६ टक्क्यांवर उतरला. कायमची पिशवी ज्यात येते त्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ५५-६० टक्क्यांवरून २७वर आलं. ना नवं औषध, ना नवं यंत्र. त्याच प्रांतातल्या सर्जनांना शिकवलं, एवढंच. कर्करोगावरच्या एखाद्या गोळीने असा फरक पाडला असता तर तिची किंमत काय लागली असती, याचा विचार करावा. कॅनडातल्या एडमंटनचा १९९८चा अभ्यासही याच दिशेचा. ५२ सर्जनांपैकी या शाखेचं खास प्रशिक्षण घेतलेले फक्त पाच होते. प्रशिक्षण नसलेल्यांच्या रोग्यांत रोग जागीच उलटण्याचा धोका अडीच पट निघाला, आणि थोड्या शस्त्रक्रिया केलेल्यांच्यातही तो वाढलेलाच दिसला. प्रशिक्षण आणि सराव, दोन्ही वेगवेगळे मोजले गेले आणि दोन्ही लागतात असं दिसलं.

मग हे प्रशिक्षण मिळतं कुठे? अमेरिकेत पाच वर्षं जनरल सर्जरी आणि त्यावर एक वर्ष फक्त कोलोरेक्टल, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. त्या वर्षात कर्करोग, मूळव्याध, भगंदर, दुर्बिणीची तपासणी, ताबा सुटण्याचे विकार, सगळं येतं. ब्रिटनमध्ये वेगळी पदवी नाही, जनरल सर्जरीच्याच दीर्घ प्रशिक्षणात शेवटची वर्षं या शाखेला देतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, एम.एस.ची तीन, मग सुपरस्पेशालिटीची नीट देऊन एम.सीएच.ची आणखी तीन. तोवर माणूस तिशी ओलांडतो. पण ती एम.सीएच. सहसा गॅस्ट्रो सर्जरीची किंवा ऑन्कोसर्जरीची असते. पहिलीत यकृत, स्वादुपिंड, पित्तनलिका आणि अन्ननलिका वाटेकरी. दुसरीत तोंड, स्तन आणि गर्भाशय. गुदाशय वाट्याला येईल तेवढा. त्यानंतर टाटा मेमोरियल, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा मोजक्या ठिकाणी फेलोशिप करून काही जण खरे कोलोरेक्टल सर्जन होतात, काही जण ब्रिटन, कोरिया, जपानला जाऊन येतात. पण रोग्याने नावापुढची अक्षरं पाहून ओळखावं, अशी एकच पदवी रुळलेली नाही. आणि या सगळ्यात सर्वांत पोरकी मूळव्याध आणि भगंदर. मोठ्या विभागांत हे ‘मायनर ओटी’चं काम, यादीच्या शेवटी टाकलेलं, ज्युनिअरच्या हाती सोपवलेलं. ज्या दुखण्याचे रोगी सर्वांत जास्त, ते शिकवायला वरिष्ठ सर्वांत कमी वेळ उभे राहतात. एस.टी. स्टँडसमोरच्या पाट्या त्या रिकाम्या जागेतच उगवल्या आहेत.

यंत्रांबद्दल थोडक्यात. इटलीच्या लाँगोने १९९८ मध्ये आणलेलं मूळव्याधीचं स्टेपलर जगभर गाजलं. ब्रिटनमध्ये ७७७ रोग्यांवर केलेल्या चाचणीत २०१६ साली दिसलं की सुरुवातीला दुखणं कमी असलं तरी पुढे जुनी, कापून काढायची पद्धतच सरस ठरते. गुदाशयाच्या कर्करोगात रोबो आणि साधी लॅपरोस्कोपी यांची २०१७ मध्ये तुलना झाली, तेव्हा पोट उघडावं लागण्याच्या प्रमाणात ठोस फरक सिद्ध झाला नाही. रोबो वाईट नाही, अरुंद ओटीपोटात सर्जनच्या मानेला तो सुखाचाच. पण शस्त्रक्रिया रोबो करत नाही, आणि बिलात मात्र तोच दिसतो.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी हा भाग सर्जन लोक सांगतात कमी, रोगी भोगतात जास्त. आतडं जोडल्यावर ते गळण्याची भीती पहिला आठवडाभर असते; नाडी वाढली, पोट फुगलं, तर ते वेळेत ओळखणं हेही कौशल्यच. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेटने १९९०च्या दशकात दाखवलं की उपाशी ठेवणं, नळ्या घालून झोपवून ठेवणं या जुन्या चालींनी रोगी उलट मागे पडतो. भुलीआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी, शस्त्रक्रियेनंतर लवकर खाणं आणि त्याच दिवशी चालणं याने तो लवकर घरी जातो. आपल्याकडे नातेवाइकांना हे पटवणं अवघड. ‘पोट फाडलंय आणि चालायला काय लावता?’

आणि पिशवी. १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या रुपर्ट टर्नबुल या सर्जनने स्वतःच्याच एका पूर्वीच्या रोग्याला, नॉर्मा गिल यांना, इतर रोग्यांना पिशवी सांभाळायला शिकवण्याच्या कामावर घेतलं. स्टोमा थेरपिस्ट हा पेशा तिथून सुरू झाला. मुंबईत टाटा रुग्णालयाचं स्टोमा क्लिनिक आणि ऑस्टॉमी असोसिएशन हे काम करतात. चांगली स्टोमा नर्स शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रोग्याला उभं करते, बसवते, वाकायला लावते आणि पोटावर पेनाने खूण करते. साडीचा परकर कुठे बांधता, नाडी कुठे येते, धोतर की पॅंट, मांडी घालून जेवता का, भारतीय शौचालयात उकिडवं बसता का. हे विचारलं नाही तर छिद्र नेमकं नाडीखाली किंवा पोटाच्या वळीत येतं, पिशवी गळते, आणि एखादी बाई देवघरात जाणं सोडते, मग लग्नकार्यात जाणं सोडते. शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदवली जाते. पिशव्यांचा खर्च महिन्यामागून महिने चालूच राहतो.

पिशवी टळली म्हणजे सुटलो असंही नाही. गुदाशय काढून खाली जोड दिलेल्या अनेकांना दिवसात आठ-दहा वेळा, लागोपाठ, धावत जावं लागतं. डॅनिश डॉक्टरांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची एक मोजपट्टी केली, तेव्हा कुठे या त्रासाला नाव आणि आकडा मिळाला. त्याआधी ‘कर्करोग गेला ना, मग?’ एवढंच उत्तर होतं. बाळंतपणाच्या बाबतीतही तसंच. १९९३ च्या एका अभ्यासात पहिलटकरणींपैकी ३५ टक्क्यांच्या गुदस्नायूला सोनोग्राफीत इजा दिसली, वरून काही कळत नसताना. त्यातल्या काहींचा ताबा पन्नाशीनंतर सुटू लागतो. आपल्या बायका ते नवऱ्यालाही सांगत नाहीत, पुरुष सर्जनला तर नाहीच. या शाखेत स्त्रिया वाढायला हव्यात, याचं हे सरळ व्यावहारिक कारण आहे.

आतड्याच्या कर्करोगासाठीच्या तपासणीच्या बाबतीत अमेरिकेने २०२१ मध्ये सर्वसाधारण लोकांसाठी सुरुवातीचं वय ५० वरून ४५ केलं. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. आपल्या कमी प्रमाणाकडे पाहता सरसकट कोलोनोस्कोपीची मागणी करणं मलाही पटत नाही. रक्त पडणाऱ्या प्रत्येकाची बोटाने तपासणी, आणि घरात कोणाला हा रोग झाला असेल तर वेळेत दुर्बीण, एवढं झालं तरी पुष्कळ.

शेवटी या शाखेतला सगळ्यात नवा आणि अवघड निर्णय : न कापण्याचा. साओ पाउलोच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडलं की रेडिएशन-केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली असेल तर गुदाशय न काढता नुसती नजर ठेवता येते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या पहिल्या बारा रोग्यांची गाठ केवळ इम्युनोथेरपीने गेली. पण नजर ठेवणं म्हणजे सर्जनने मोकळं होणं नव्हे. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या ८८० रोग्यांपैकी सुमारे पाव रोग्यांत दोन वर्षांत गाठ परत आली, बहुतेक आतड्याच्या भिंतीतच. वेळेवर दिसली तर काढता येते. म्हणून दर तीन महिन्यांनी बोट, दुर्बीण, एम.आर.आय. मुंबईत राहणाऱ्या नोकरदाराला हे जमतं. यवतमाळच्या शेतमजुराला पहिल्या दोन फेऱ्या जमतात, तिसऱ्या वेळी सोंगणी असते. अशा रोग्यासमोर बसलेला अनुभवी सर्जन त्याला गाव किती लांब, सोबत कोण येणार, फोन कोणाकडे आहे, हे विचारतो, आणि एखाद्याला नजर ठेवण्याऐवजी शस्त्रक्रियाच सुचवतो. परदेशी परिषदेत तो निर्णय मागासलेला ठरेल. त्या रोग्यासाठी तो बहुधा बरोबर असतो.